व्यग्रतेचा त्याग आणि ख्रिस्ती विवेक

‘मरायलाही फुरसत नाही’ हे वाक्य आपण तक्रारीच्या सुरात उच्चारतो. परंतु त्या सुरात पुष्कळदा थोडा अभिमानही मिसळलेला असतो. ज्याला फुरसत नाही तो उपयोगी मनुष्य आणि ज्याला फुरसत आहे तो रिकामटेकडा, असा आपल्या समाजाचा अलिखित संकेत आहे. ख्रिस्तसभाही या संकेतापासून मुक्त नाही. आमच्या वाचकांपैकी अनेकजण गोवा, बेळगाव, इंदूर, वडोदरा, हैदराबाद यांसारख्या ठिकाणी विखुरलेल्या मराठी भाविकांमध्ये सेवा करीत आहेत. माणसे थोडी आणि कामे फार, ही तेथील नित्याची स्थिती होय. तीच चार माणसे गायनवृंद सांभाळतात, तीच सणाची वर्गणी गोळा करतात, तीच मुलांना धर्मशिक्षण देतात. आणि धर्मगुरूला एकाच रविवारी दोन-दोन भाषांतून मिस्सा अर्पण करून दूरच्या वस्तीकडे निघावे लागते. अशा मंडळींना ‘व्यग्रता सोडा’ असे सांगणे सोपे आहे. ती कशी सोडावी, तिच्याबरोबर काय सोडावे आणि काय मुळीच सोडू नये, हे सांगणे मात्र कठीण. प्रस्तुत लेखात आम्ही या कठीण प्रश्नाचाच विचार करणार आहोत.

आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : व्यग्रता ही कामाच्या संख्येवरून ओळखता येत नाही, ती चित्ताची अवस्था आहे. म्हणून केवळ सुटी घेतल्याने ती जात नाही. आपल्यावर सोपविलेले कार्य कोणते आणि आपण होऊन ओढवून घेतलेले कोणते, याचा देवासमोर केलेला विवेक हाच तिच्यावरचा खरा उपाय होय.

१. शब्द आणि त्याचा आशय

‘व्यग्र’ आणि ‘एकाग्र’ या दोन्ही शब्दांत ‘अग्र’ म्हणजे टोक आहे. ज्याच्या चित्ताचे टोक एका ठिकाणी लागले आहे तो एकाग्र. ज्याच्या चित्ताचे टोक फुटून अनेक दिशांना पांगले आहे तो व्यग्र. दिवसभर शेतात राबणारा मनुष्य एकाग्र असू शकतो, आणि आरामखुर्चीत बसून हातातील मोबाईलवर बोट फिरविणारा पूर्णपणे व्यग्र असू शकतो.

संत लूक यांनी मार्थेच्या घरचा प्रसंग सांगताना (लूक १०:३८–४२) तिच्याविषयी जे ग्रीक क्रियापद योजले आहे, त्याचा मूळ अर्थ ‘सर्व बाजूंनी ओढले जाणे’ असा आहे. आपला ‘व्यग्र’ हा शब्द त्याच्या फार जवळ येतो. ती पाहुणचार करीत होती हा तिचा दोष नव्हता. तिच्या कामाचा निर्देश ज्या ‘दियाकोनिया’ या शब्दाने होतो, तोच शब्द प्रेषितांच्या कृत्यांत (६:१–४) विधवांच्या अन्नवाटपासाठी आणि प्रेषितांच्या वचनसेवेसाठी, अशा दोन्ही अर्थी येतो. ताट वाढणे आणि वचन सांगणे ही दोन्ही सेवाच होत. प्रभूने मार्थेला दाखवून दिले ते एवढेच की, पुष्कळ गोष्टींची काळजी वाहताना आवश्यक ती एक गोष्ट तिच्या दृष्टिआड झाली आहे. त्याची खूण त्या प्रसंगातच उमटली आहे : ज्याच्यासाठी अन्न शिजत होते त्या पाहुण्यालाच ती जाब विचारते. सेवा चालू होती. परंतु ज्याची सेवा चालली होती तो विसरला गेला होता.

हीच मार्था संत योहान यांच्या शुभवर्तमानात (१२:२) पुन्हा दिसते. लाजार पंक्तीला बसला आहे, मरिया सुगंधी तेल घेऊन येते, आणि मार्था वाढीत आहे. या वेळी तिच्या मुखी तक्रार नाही. काम पूर्वीचेच आहे. पांगलेले चित्त मात्र ठिकाणावर आलेले आहे.

येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. या प्रसंगाचा आधार घेऊन पुरुषांनी ओसरीवर धर्मचर्चा करीत बसावे आणि स्त्रियांनी मात्र ‘मार्थेप्रमाणे कुरकुर न करता’ चुलीपुढे राबावे, असा अर्थ काढणे म्हणजे शुभवर्तमानाची विटंबना होय. प्रभूने त्या घरात एका स्त्रीला शिष्याच्या आसनावर बसू दिले. त्या आसनाची वाट इतर स्त्रियांनाही मोकळी व्हावी म्हणून भांडी कोणी घासावी, हा प्रश्न आपल्या सणासमारंभांतून पुरुषांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे.

२. लादलेली व्यग्रता

सर्वच व्यग्रता स्वखुशीची नसते. इस्राएल लोकांनी आपल्या देवाची उपासना करण्यासाठी रानात जाण्याची परवानगी मागितली, तेव्हा फारोने त्यांना आळशी ठरविले. त्याने विटांची संख्या तीच ठेवली आणि त्यासाठी लागणारा पेंढा देणे बंद केले (निर्गम ५). माणसाला विचार करण्यास आणि उपासना करण्यास अवसरच उरू नये इतके काम त्याच्यामागे लावावे, ही दास्याची फार जुनी रीत आहे. अनुवादाच्या पुस्तकात (५:१२–१५) शब्बाथाची आज्ञा याच आठवणीशी जोडलेली आहे : तुम्ही मिसर देशात दास होता, म्हणून आता तुमचा दास, तुमची दासी, तुमचा बैल आणि गाढवसुद्धा त्या दिवशी विसावा घेवो. तेव्हा विसावा हे सुखवस्तू लोकांचे भूषण नव्हे. देवाने दासांना दिलेल्या स्वातंत्र्याची ती निशाणी आहे.

यावरून एक भेद करणे प्राप्त होते. दोन पाळ्यांत काम करून घर चालविणारा मजूर, किंवा नोकरी, मुले आणि अंथरुणाला खिळलेली सासू यांना एकटीने सांभाळणारी स्त्री, यांना व्यग्रतेच्या त्यागाचा उपदेश करणे निर्दयपणाचे ठरेल. त्यांचा भार वाटून घेणे हे ख्रिस्तसभेचे कर्तव्य आहे. आमचा पुढील विचार मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, ज्यांच्या हाती आपल्या वेळेचा काही भाग तरी आहे : धर्मगुरू, धर्मभगिनी, धर्मशिक्षक, मंडळांचे पदाधिकारी. त्यांनी आणखी एक प्रश्न मनात वागवावा : आपल्या उत्साहाने आखलेले कार्यक्रम इतरांच्या माथी नव्या विटा तर चढवीत नाहीत ना?

३. प्रभूचे वर्तन

संत मार्क यांच्या पहिल्याच अध्यायात (१:३२–३८) कफर्णहूममधील एक संध्याकाळ आहे. सूर्य मावळल्यावर सारे नगर दाराशी लोटले आणि प्रभूने अनेकांना बरे केले. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, तो एकांतात जाऊन प्रार्थना करू लागला. शिमोन आणि त्याचे सोबती शोधीत आले. सर्वजण त्याचा शोध करीत आहेत, ही वार्ता त्यांनी आणली. ही वार्ता खोटी नव्हती. दाराशी आलेल्यांची दुःखे खरी होती. तरीही प्रभू परतला नाही. आसपासच्या गावांकडे जाण्यासाठीच आपण आलो आहोत असे सांगून तो निघाला. लोकांची गरज खरी आहे एवढ्यावरून ते काम आपलेच ठरते असे नाही, हा या प्रसंगाचा कठीण बोध होय. तो प्रार्थनेच्या एकांतातून आला आहे हे ध्यानात ठेवावे.

पुढे सहाव्या अध्यायात (६:३०–३४) याच्या उलट घडते. प्रेषितांना जेवायलाही सवड मिळत नव्हती म्हणून प्रभूने त्यांना निर्जन स्थळी नेले. पण लोकसमुदाय त्यांच्या आधीच तेथे पोहोचला. ठरलेला विसावा मोडला. प्रभूला त्या लोकांचा कळवळा आला आणि तो त्यांना शिकवू लागला. एकदा तो समुदायाला मागे ठेवून जातो, एकदा समुदायासाठी विसावा बाजूला ठेवतो. कोणताही ठरावीक नियम या दोन्ही कृतींना पुरा पडणार नाही. येथे विवेकाचीच गरज लागते.

४. परंपरेची साक्ष

इजिप्तच्या अरण्यातील तपस्वी एव्हाग्रिउस (मृत्यू इ. स. ३९९) यांनी भर दुपारी साधकाला गाठणाऱ्या एका मनोविकाराचे वर्णन केले आहे. त्याला ग्रीक भाषेत ‘अकेदिया’ म्हणतात. या विकाराने साधकाला आपली खोली, आपले काम, आपले बंधू नकोसे होतात आणि दुसरीकडे कोठे तरी गेल्यास बरे होईल असे वाटू लागते. त्यांची शिकवण पश्चिमेकडे नेणारे योहान कॅसियन आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांगतात : हा विकार पुष्कळदा सत्कृत्याच्या रूपाने येतो. कोणा आजाऱ्याला भेटायला हवे, कोणा निराधार बाईची विचारपूस करायला हवी, अशा चांगल्या निमित्तांनी तो मनुष्याला त्याच्या जागेवरून उठवितो. आळस आणि धावपळ ही परस्परविरुद्ध वाटतात खरी. परंतु आपल्या जागी देवासमोर स्थिर राहण्याचा कंटाळा हे दोहोंचे मूळ एकच असू शकते.

बाराव्या शतकातील एक उदाहरण याहून बोलके आहे. क्लेर्व्होचे मठाधिपती संत बर्नार्ड (१०९०–११५३) यांचा एक शिष्य ११४५ साली पोपपदी आला. तो म्हणजे युजीन तिसरे, सिस्टर्शियन संघातील पहिले पोप. मठातील मौन सोडून ते एकाएकी दरबारी कज्जेखटल्यांच्या गर्दीत सापडले. सकाळपासून रात्रीपर्यंत वादी-प्रतिवादी आणि त्यांचे वकील! शिष्याच्या पदापुढे न दबता गुरूने त्यांच्यासाठी पाच भागांचा एक ग्रंथ लिहिला. त्याचा विषयच ‘विचार’, म्हणजे थांबून केलेले मनन, हा आहे.

बर्नार्ड यांना शिष्याच्या थकव्याची भीती वाटत नव्हती. त्यांना भीती वाटत होती ती हृदय कठीण होण्याची. आरंभी ही गर्दी असह्य वाटते. मग सवय होते. मग तिचे वजन जाणवत नाही. शेवटी तिच्यावाचून करमत नाही. हृदय कठीण झालेल्या मनुष्याला आपले हृदय कठीण झाले आहे हे कळत नाही, कारण कळण्याची शक्तीच गेलेली असते. ज्याला वेदना होते त्याचा रोग अजून साध्य आहे. पापनिवेदनासाठी आलेला मनुष्य बोलत असताना आपला डोळा घड्याळाकडे वळतो आणि त्याचे आपल्याला काहीच वाटत नाही, तेव्हा बर्नार्ड यांचा इशारा आपल्यासाठीच आहे असे समजावे.

यावर त्यांनी सांगितलेला उपाय व्यवहारी आहे. पोपने पद सोडावे असे ते म्हणत नाहीत. तू सर्वांचा आहेस, तर त्या सर्वांत तू स्वतःही येतोस, म्हणून स्वतःलाही थोडा वेळ दे, असा त्यांचा आशय आहे. मननासाठी ते चार विषय नेमून देतात : आपण स्वतः, आपल्या हाताखालचे, आपल्या भोवतालचे आणि आपल्या वर असलेले. बर्नार्ड हे स्वतः मठात बसून राहिलेले गृहस्थ नव्हते. ११४६ साली पोपच्या आज्ञेने त्यांनी दुसऱ्या धर्मयुद्धाचा प्रचार देशोदेशी केला होता, आणि त्या मोहिमेच्या अपयशाचा दोष त्यांच्याच माथी आला. त्यांना धावपळीची व्यथा ऐकून नव्हे, भोगून ठाऊक होती.

५. विवेकाची रीत

दोन कामे चांगली असतील तर निवड कशी करावी? पाप आणि पुण्य यांतील निवड आज्ञांनी होते. चांगल्या दोहोंतील निवडीला आत्म्यांची पारख लागते. संत योहान यांच्या पहिल्या पत्रातील (४:१) आत्म्यांची परीक्षा करण्याचा आदेश येथे आठवावा.

या पारखीची पद्धतशीर मांडणी संत इग्नेशियस लोयोला यांनी केली. १५२१ साली पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय जायबंदी झाल्यावर ते अनेक महिने अंथरुणावर होते. सक्तीच्या त्या विसाव्यात त्यांना एक गोष्ट उमगली. शौर्याच्या आणि दरबारी वैभवाच्या कल्पनांत मन रमे, पण त्या ओसरल्यावर ते शुष्क व असंतुष्ट राही. ख्रिस्ताच्या व संतांच्या मार्गाने जाण्याच्या विचारातही मन रमे, आणि तो विचार गेल्यावरही समाधान मागे उरे. विचार कितपत गोड आहे यापेक्षा तो मागे काय ठेवून जातो, हे पाहावे, या निरीक्षणातून त्यांचे विवेकाचे नियम जन्मले. पुढे मान्रेसा येथील तपश्चर्येतून ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ आकारास आला. १५४८ साली पोप पॉल तिसरे यांनी त्याला मान्यता दिली.

त्यातील काही सूत्रे आमच्या विषयाला थेट लागू पडतात. पहिले असे की, उदास आणि अस्वस्थ मनःस्थितीत पूर्वीचा निश्चय बदलू नये. थकव्याच्या भरात दिलेला राजीनामा हा विवेक नव्हे. दुसरे, एखादा विचार आरंभी पवित्र दिसला तरी त्याचा मध्य आणि शेवट तपासावा. सेवेच्या इच्छेने स्वीकारलेले पद हळूहळू मानापमानाकडे आणि शेवटी बांधवांशी कलहाकडे नेत असेल, तर आरंभीचे तेज फसवे होते. तिसरे, आपल्याच परिस्थितीत असलेला एखादा अनोळखी मनुष्य सल्ला मागायला आला तर त्याला आपण काय सांगू, ते ठरवावे आणि स्वतः तेच करावे. चौथे, मृत्युशय्येवर असताना आपण आज कोणती निवड केलेली असावी असे वाटेल, ते मनात आणावे. ‘मरायलाही फुरसत नाही’ म्हणणाऱ्याने निदान मरणाची कल्पना करण्यापुरती फुरसत काढावी, असा याचा अर्थ होतो.

इग्नेशियस यांचे सोबती संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले. त्यांच्या पत्रांवरून त्यांच्या कार्याचा व्याप कळतो : बाप्तिस्मा देता देता हात थकून जात, आणि १५४४ च्या अखेरीस त्रावणकोरच्या किनाऱ्यावर महिन्याभरात दहा हजारांहून अधिक लोकांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना काम शोधण्याची कधीच गरज नव्हती. तथापि पुढील वर्षी, १५४५ च्या एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत, ते मैलापूरला संत थोमा यांच्या समाधिस्थानी राहिले. किनाऱ्यावरच परतावे की पूर्वेकडील बेटांकडे जावे, हा त्यांच्यापुढे प्रश्न होता. तेथून ८ मे रोजी लिहिलेल्या पत्रात ते कळवितात की, प्रार्थनेत मोठे आंतरिक समाधान लाभून देवाची इच्छा स्पष्ट झाली आहे. मग ते मलाक्काला निघाले. विवेकाने त्यांचे काम कमी केले नाही. उलट त्यांना अधिक दूर नेले. विवेक म्हणजे आळसाला दिलेले सोज्ज्वळ नाव, असा आक्षेप घेणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावे.

६. आचरणासाठी

वरील विवेचनावरून आम्ही तीन गोष्टी सुचवितो.

पहिली, दैनिक अंतःपरीक्षण. इग्नेशियस यांनी त्याचे पाच टप्पे सांगितले आहेत : लाभलेल्या कृपांबद्दल आभार, स्वतःचे दोष दिसावेत म्हणून याचना, दिवसाचे तासातासाने अवलोकन, क्षमायाचना आणि सुधारणेचा निश्चय. यासाठी पाव तास पुरतो. आरंभ आभाराने होतो हे महत्त्वाचे. कारण व्यग्र मनुष्याला राहिलेली कामेच दिसतात, मिळालेली देणगी दिसत नाही.

दुसरी, कामांची यादी. महिन्यातून एकदा आपली सर्व कामे कागदावर लिहावी आणि प्रत्येकापुढे विचारावे : हे माझ्यावर कोणी सोपविले? काही कामे दीक्षेने, व्रताने, विवाहाने किंवा वरिष्ठांच्या आज्ञेने आलेली असतात. काही लोकांच्या अपेक्षेने चिकटलेली असतात. काही केवळ ‘माझ्यावाचून होणार नाही’ या समजुतीने धरलेली असतात. असे समजा की, एका धर्मगुरूच्या यादीत सभागृहाचे बांधकाम, चार मंडळांच्या बैठका, वार्षिक सणाची तयारी आणि दूरच्या वस्तीतील आजाऱ्यांना मासिक भेट अशी कामे आहेत. वेळ अपुरा पडला की प्रथम कोणते काम गळते? बहुतेक वेळा आजाऱ्यांची भेट. कारण सिमेंटवाला दूरध्वनी करतो, आजारी म्हातारी करीत नाही. परंतु त्या यादीत दीक्षेने सोपविलेले काम तेच आहे, आणि बांधकामाचा हिशेब पाहू शकेल असा एखादा निवृत्त कारकून धर्मग्रामात बहुधा असतो. एक ना धड भाराभर चिंध्या, ही म्हण ध्यानात ठेवून अशा यादीतील एक काम सोडावे आणि एक घट्ट धरावे.

तिसरी, सोपवून देण्याची तयारी. प्रेषितांनी अन्नवाटपासाठी सात जण निवडले, तेव्हा ते काम त्यांनी हलके मानले नाही. आत्म्याने व ज्ञानाने परिपूर्ण माणसे शोधली आणि प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. आपणही काम सोडताना ते कोणाच्या तरी अंगावर टाकू नये. योग्य व्यक्तीला तयार करावे, अधिकार द्यावा आणि मग वारंवार डोकावू नये. आपल्या लहान मंडळींत नवे कार्यकर्ते पुढे येत नाहीत अशी तक्रार ऐकू येते. पुष्कळदा जुन्यांनी जागा न सोडल्याचाच तो परिणाम असतो.

या विषयातील सर्वांत जुना सल्ला मोशेच्या सासऱ्याचा आहे (निर्गम १८). मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करीत बसे आणि तितकाच वेळ लोक त्याच्याभोवती तिष्ठत उभे राहत. इथ्रोने ते पाहिले. अशाने तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील, हे त्याने ओळखले. आपण स्वतःच्या थकव्याचा विचार करतो. तिष्ठणाऱ्यांचा थकवा आपल्या हिशेबात येत नाही. मोशेने विश्वासू माणसे नेमली, कठीण तंटे तेवढे स्वतःकडे ठेवले आणि देवापुढे लोकांची बाजू मांडण्याचे आपले मूळ कार्य चालू ठेवले. असे केल्यास तू टिकशील आणि हे सर्व लोकही आपापल्या ठिकाणी शांतीने जातील, असे इथ्रोने त्याला सांगितले होते. आपल्या दाराशी येणारी माणसे शांतीने घरी परततात काय, हेच आपल्या विवेकाचेही प्रमाण मानावे, अशी आमची वाचकांस नम्र विनंती आहे.